२१ जूनला सावली नाहीशी का होत नाही: अयनदिन आणि उन्हाळ्याचा मध्य गच्चीवरून ठरवण्याची पद्धत

दरवर्षी २१ जूनला अनेक जण दुपारी ठीक बारा वाजता गच्चीवर काठी उभी करतात, सावली पायाशी लुप्त होण्याची वाट पाहतात, आणि ती जवळपास वीतभर लांब, पश्चिमेकडे तिरकी पडलेली पाहून ढगांना दोष देतात. ढगांचा यात काही संबंध नसतो. त्या दिवशी महाराष्ट्रात आणि गोव्यात कोठेही सूर्य डोक्यावर येत नाही, घड्याळातल्या बाराला आपल्याकडे मध्यान्ह होत नाही, आणि हाताने उभी केलेली काठी बहुधा ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, नसते. तीन चुका एकाच वेळी झाल्या की त्यांतली कोणती किती नडली, हेही कळत नाही.

अयनदिन, म्हणजे सूर्य जास्तीत जास्त उत्तरेला पोहोचून परत फिरतो तो दिवस, घरच्या घरी कसा काढायचा आणि ‘भर उन्हाळा’ नेमका कधी, हे त्याच्या आधारे कसे ठरवायचे, याचा क्रम पुढे दिला आहे. क्रमाला महत्त्व आहे, कारण यातले निम्मे काम मे महिन्यात करावे लागते आणि जूनमध्ये सुरुवात करणाऱ्याला ते सहसा भरून काढता येत नाही.

## पायरी १: कोणता दिवस शोधायचा आहे, ते आधी ठरवा

‘उन्हाळ्याचा मध्य’ या एका नावाखाली चार निरनिराळे दिवस एकत्र केले जातात, आणि बहुतेक गोंधळ तेथेच सुरू होतो.

पहिला, सूर्य आपल्या गावात बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, म्हणजे शून्य सावलीचा दिवस. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील प्रत्येक गावात तो वर्षातून दोनदा येतो. महाराष्ट्राचे उत्तर टोक सुमारे २२ अंश अक्षांशावर आहे आणि कर्कवृत्त सुमारे २३.४ अंशांवर, म्हणून संपूर्ण राज्य या पट्ट्यात मोडते. पणजीत हे दिवस ३ मे आणि १० ऑगस्टच्या, कोल्हापुरात ७ मे आणि ६ ऑगस्टच्या, पुण्यात १४ मे आणि ३० जुलैच्या, मुंबईत १६ मे आणि २८ जुलैच्या, तर नागपुरात २६ मे आणि १७ जुलैच्या आसपास येतात. वर्षानुसार आणि शहराच्या कोणत्या भागातून पाहता त्यानुसार एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

दुसरा, अयनदिन. या दिवशी सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, सर्वाधिक असते आणि उत्तर गोलार्धात दिवस सर्वांत मोठा असतो. तिसरा, प्रत्यक्ष उष्म्याचा कळस. तो सूर्याबरोबर जमिनीवर, वाऱ्यावर आणि ढगांवर अवलंबून असतो. पुण्यात सरासरी कमाल तापमान मेपेक्षा एप्रिलमध्ये किंचित जास्त असते, म्हणजे सूर्य डोक्यावर येण्यापूर्वीच तेथला कळस होऊन गेलेला असतो. नागपुरात मात्र तो मे महिन्यातच येतो. चौथा, ऋतूचा मध्य, आणि तो ऋतू कोठून कोठवर मोजता यावर ठरतो. भारतीय हवामान विभाग मार्च ते मे हा काळ मान्सूनपूर्व उन्हाळा धरतो, म्हणून त्याचा मध्य एप्रिलच्या मध्यावर येतो. सूर्याच्या सायन स्थितीनुसार, म्हणजे नक्षत्रांऐवजी वसंतसंपातापासून मोजलेल्या स्थितीनुसार, सहा ऋतू मोजले तर ग्रीष्म सुमारे २० एप्रिलला सुरू होऊन अयनदिनी संपतो आणि त्याचा मध्य २१ मेच्या जवळपास पडतो.

उत्तर युरोपात मात्र अयनदिनालाच ‘मध्य उन्हाळा’ म्हणण्याची रीत आहे. तेथील परंपरागत तारीख २४ जून, संत योहानाचा सण. याच संताचा गोव्यातला, विहिरींत उड्या मारून साजरा होणारा सांजांव हा सणही त्याच तारखेला येतो, पण तेव्हा विहिरी पावसाने भरलेल्या असतात आणि उन्हाळा संपलेला असतो. तारीख प्रवास करून आली, ऋतू आला नाही.

इशारा: ‘२१ जून हा उन्हाळ्याचा पहिला दिवस’ हे वाक्य परदेशी दिनदर्शिकांतून उचलले जाते. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, त्यामुळे आपल्याकडे ते वाक्य कोणत्याच गणनेत बसत नाही.

## पायरी २: साहित्य आणि जागा

उभ्या काठीपेक्षा छिद्राची चकती जास्त उपयोगी पडते. सूर्य हा बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाची चकती आहे, म्हणून एक मीटर उंच काठीच्या टोकाची सावली नऊ मिलिमीटरभर पुसट होते आणि टोक नेमके कोठे संपते हे दोन माणसे दोन ठिकाणी सांगतात. छिद्रातून पडणारा प्रकाशाचा ठिपकाही पुसट कडांचा असतो, पण गोल असल्यामुळे त्याचा मध्य डोळ्याला एखाद्या मिलिमीटरपर्यंत बरोबर सापडतो.

पुढील वस्तू जमवाव्यात: साधारण १५ सेंटिमीटर चौरस पत्रा आणि त्याच्या मधोमध तीन ते चार मिलिमीटरचे छिद्र, तो पत्रा आडवा धरून ठेवणारा भक्कम स्टँड किंवा लाकडी घोडा, गवंड्याचा ओळंबा, पाणसळ, पोलादी मोजपट्टी, सपाट प्लायवूडवर चिकटवलेला आलेखाचा कागद, आणि सेकंदापर्यंत बरोबर लावलेले घड्याळ. मोबाइलवरची वेळ आपोआप जुळत असल्याने ती पुरेशी आहे.

पत्रा कागदापासून बरोबर १०० सेंटिमीटर उंचीवर आडवा बसवावा. स्टँडचा खांब पत्र्याच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवावा, कारण मध्यान्ही सूर्य उत्तर-दक्षिण रेषेवर असतो आणि त्या बाजूला खांब असला तर त्याचीच सावली ठिपक्यावर येते. मग छिद्रातून ओळंब्याची दोरी खाली सोडावी आणि वजनाचे टोक कागदावर जेथे टेकते तेथे बारीक खूण करावी. या खुणेला पुढे ‘पायबिंदू’ म्हटले आहे. सगळी मोजमापे येथूनच करायची आहेत.

जागा निवडताना पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि शेजारची इमारत यांची सावली सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात येत नाही, हे एक दिवस आधी पाहून घ्यावे. मांडणी रोज उचलून ठेवावी लागत असेल, तर प्लायवूडचे चारही कोपरे फरशीवर रंगाने आखून ठेवावेत.

सर्वांत महागात पडणारी चूक: पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. शंभराला एक एवढा सौम्य उतार डोळ्याला दिसत नाही, पण गुण्या लावून फरशीशी काटकोनात उभी केलेली एक मीटरची काठी अशा गच्चीवर टोकाशी एक सेंटिमीटर कललेली असते. मे महिन्याच्या मध्यावर रोजचा फरक चार मिलिमीटरचा असल्यामुळे ही चूक अडीच दिवसांची होते. माझी पहिली दोन वर्षे अशीच गेली. काटकोन उत्तम होता, फक्त तो जमिनीशी होता. ओळंबा जमिनीचे ऐकत नाही, म्हणून पायबिंदू ओळंब्यानेच काढावा.

तपासणी: वारा थांबल्यावर ओळंबा तीनदा सोडावा. तिन्ही खुणा एका मिलिमीटरच्या आत पडल्या नाहीत, तर स्टँड हलतो आहे.

## पायरी ३: उत्तर-दक्षिण रेषा आखा

हे काम एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात, आकाश दिवसभर निरभ्र असताना उरकावे. मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नये. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत फरक अगदी कमी असला, तरी स्लॅबमधल्या सळयांमुळे सुई कोठेही वळते, आणि तोच मोबाइल दोन पावले सरकवला की वेगळी दिशा दाखवतो.

साधारण ३० सेंटिमीटर उंचीची एक सरळ सळई सपाट फळीवर ओळंब्यात उभी करावी आणि तिच्या पायाभोवती ३५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. सकाळी नवाच्या पुढे सावली आखडत वर्तुळाच्या आत शिरते. तिचे टोक परिघाला स्पर्श करेल त्या जागी खूण करावी. दुपारी चारच्या सुमारास सावली लांबत वर्तुळाबाहेर पडते. तेथे दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि तिच्या मध्यातून सळईच्या पायाकडे काढलेली रेषा उत्तर-दक्षिण असते. ही दिशा ताणलेल्या दोरीने समांतर नेऊन चकतीखालच्या कागदावर, पायबिंदूतून जाईल अशी आखून घ्यावी, आणि पायबिंदूतूनच तिला काटकोनात पूर्व-पश्चिम रेषाही काढावी.

दोनच खुणांवर समाधान मानू नये. निरनिराळ्या त्रिज्यांची तीन वर्तुळे काढली आणि तीनही रेषा एकमेकींशी जुळल्या, तरच दिशा पक्की समजावी.

## पायरी ४: आपल्या गावाचा खरा मध्यान्ह काढा

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, आणि प्रत्येक अंशामागे मध्यान्ह चार मिनिटे उशिरा होतो. पुण्याचा रेखांश सुमारे ७३.८६ अंश धरला, तर फरक ८.६४ अंश, म्हणजे साडेचौतीस मिनिटे येतो. मुंबईसाठी तो साडेअडतीस मिनिटे आणि नागपूरसाठी साडेतेरा मिनिटांहून किंचित जास्त आहे.

एवढ्यावर थांबल्यास दुसरी चूक होते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे सूर्याचा दिवस घड्याळाशी तंतोतंत जुळत नाही. मेच्या मध्यावर सूर्य घड्याळाच्या पावणेचार मिनिटे पुढे असतो, २१ जूनला तो सुमारे दोन मिनिटे मागे पडतो, आणि जुलैच्या अखेरीस साडेसहा मिनिटे मागे असतो. पुढे असेल तर तेवढी मिनिटे वजा करावीत, मागे असेल तर मिळवावीत. त्यानुसार पुण्याचा मध्यान्ह मेच्या मध्यावर १२ वाजून ३१ मिनिटांनी, २१ जूनला १२:३६ च्या थोडा पुढे आणि जुलैच्या अखेरीस १२:४१ च्या सुमारास येतो. मुंबईत याच तीन वेळी तो अनुक्रमे १२:३५, १२:४० आणि १२:४५ च्या आसपास असतो. नागपूरकरांनी २१ जूनला सव्वाबारालाच तयार राहावे.

तपासणी: काढलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंत, दर दोन मिनिटांनी ठिपक्याच्या मध्यावर खूण करावी. ठिपका पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातो. तो उत्तर-दक्षिण रेषा ओलांडतो तो क्षण आणि गणिताने आलेली वेळ यांत मिनिटापेक्षा जास्त अंतर पडले, तर रेषा किंवा रेखांश यांपैकी एक चुकले आहे. पुढे जाण्यापूर्वी ते शोधावे.

## पायरी ५: मे महिन्यातील नोंदी

गावाच्या शून्य सावलीच्या दिवसाच्या किमान आठवडाभर आधी सुरुवात करावी आणि जूनमध्ये ढग दाटेपर्यंत नोंद चालू ठेवावी. एक दिवस चुकला तरी बिघडत नाही. सलग चार दिवस चुकले, तर आलेखात खड्डा पडतो.

शून्य सावलीपूर्वी मध्यान्ही सूर्य डोक्याच्या दक्षिणेला असतो, म्हणून ठिपका पायबिंदूच्या उत्तरेला पडतो. पुण्यात १ मेला तो सुमारे सहा सेंटिमीटर उत्तरेला असतो आणि रोज चार-पाच मिलिमीटरने दक्षिणेकडे सरकत मेच्या मध्यावर पायबिंदूवर येतो. त्यानंतर तो दक्षिणेला जातो आणि जुलै संपेपर्यंत तेथेच राहतो. पूर्ण हंगामाची नोंद एका ताव कागदावर मावते, आणि या पद्धतीचे मला सर्वांत जास्त कौतुक त्याचेच आहे.

मोजताना ठिपक्याचे पायबिंदूपासूनचे थेट अंतर घेऊ नये. फक्त उत्तर-दक्षिण दिशेतले, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषेपासूनचे लंब अंतर घ्यावे. कारण असे की एक मिनिट उशीर झाला तर ठिपका पूर्वेकडे चार मिलिमीटर सरकतो, आणि मेच्या मध्यावर एक संपूर्ण दिवस गेला तर तो दक्षिणेकडे जवळपास तेवढाच सरकतो. जो थेट अंतर मोजतो त्याला मिनिटाची चूक दिवसाची वाटते, आणि ‘यंदा शून्य सावली झालीच नाही’ अशी खात्रीने सांगितलेली तक्रार बहुधा येथूनच निघते. लंब अंतर घेणाऱ्याला मिनिटभर उशिराची फिकीर नसते.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, अंतर मिलिमीटरमध्ये, आणि ते उत्तरेला की दक्षिणेला, हे चारही लिहावे. दिशा लिहायची राहिली की जुलैमध्ये जोड्या जुळवताना १२ मे आणि १६ मे यांची अदलाबदल होते. दोन्हींचे अंतर जवळपास सारखे असते, बाजू मात्र विरुद्ध.

इशारा: ठिपका नीट दिसावा म्हणून छिद्रातून सूर्याकडे पाहू नये, चष्म्यातून, काळ्या काचेतून किंवा एक्स-रेच्या फिल्ममधूनही पाहू नये. पाठ सूर्याकडे आणि नजर कागदावर असावी. मे महिन्यातल्या गच्चीवर अनवाणी उभे राहू नये, डोक्यावर टोपी किंवा पंचा घ्यावा, आणि लहान मुलांना वीस मिनिटांहून जास्त वेळ उन्हात थांबवू नये.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक बाजूची गोष्ट. तेथे नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे मानले जाणारे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावर सुरू होतो, आणि नागपूरचा शून्य सावलीचा दिवस २६ मे आहे. नागपूरकराने ‘भर उन्हाळा’ म्हणून एकच तारीख मागितली तर मी हीच देईन. मात्र नक्षत्रांवर बांधलेली तारीख सुमारे ७१ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते आणि शून्य सावली तशी सरकत नाही, म्हणून आजची ही गाठ कायमची समजू नये.

## पायरी ६: २१ जूनला काय दिसायला हवे

या दिवशी मध्यान्ही सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि ठिपका दक्षिणेला पडतो. एक मीटर उंचीसाठी गणिताने येणारी अंतरे अशी आहेत:

- नागपूर: ४.० सेंटिमीटर
- मुंबई: ७.६ सेंटिमीटर
- पुणे: ८.६ सेंटिमीटर
- कोल्हापूर: ११.८ सेंटिमीटर
- पणजी: १४.० सेंटिमीटर

अन्य गावासाठी २३.४४ मधून आपला अक्षांश वजा करावा आणि येणाऱ्या कोनाच्या ‘टॅन’ला १०० ने गुणावे. कर्कवृत्ताजवळच्या उज्जैनला हे अंतर अर्धा सेंटिमीटरही भरत नाही. दिल्लीत, म्हणजे कर्कवृत्ताच्या पलीकडे, सूर्य अयनदिनीही दक्षिणेलाच राहतो. तेथे ठिपका नऊ सेंटिमीटर उत्तरेला पडतो, म्हणून दिल्लीच्या नातेवाइकांनी पाठवलेले छायाचित्र पाहून आपली मांडणी उलटी लागल्याची शंका घेऊ नये.

आकाश मोकळे मिळाले, तर मिळालेल्या अंतराचा उपयोग मांडणी तपासण्यासाठी करावा. दोन-तीन मिलिमीटरांचा फरक चालतो. सेंटिमीटरभर फरक पडला, तर ओळंबा किंवा उंची चुकलेली आहे.

या नोंदीवरून अयनदिनाची तारीख मात्र ठरवता येत नाही, आणि सर्वाधिक लोक येथेच फसतात. अयनदिनाच्या एक दिवस आधी किंवा नंतर सूर्याच्या उंचीत सुमारे १२ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक पडतो. एक मीटरवर तो ०.०६ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतका होतो. पाच दिवसांत मिळून तो दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो. १६ जूनपासून २६ जूनपर्यंत ठिपका एकाच ठिकाणी उभा असल्यासारखा दिसतो, त्यामुळे ‘सर्वांत लांब सावली ज्या दिवशी, तो अयनदिन’ हा नियम बरोबर असूनही निरुपयोगी आहे. डोंगराचा माथा सपाट असेल तर मध्यबिंदू माथ्यावर उभे राहून सापडत नाही. दोन्ही उतारांवर सारख्या उंचीच्या खुणा करून त्यांचा मध्य घ्यावा लागतो. पुढच्या दोन पायऱ्यांत तेच करायचे आहे.

## पायरी ७: जुलैतली उघडीप आणि नोंदींच्या जोड्या

जुलैच्या अखेरच्या शून्य सावलीच्या दिवशी आकाश मोकळे मिळण्याची आशा कोकणात तरी धरू नये. सुदैवाने नेमका तोच दिवस लागत नाही. मे-जूनच्या नोंदी आलेखावर नीट मांडलेल्या असतील, तर जुलैत ज्या कोणत्या दिवशी मध्यान्ही दोन मिनिटे ऊन पडेल, तो दिवस कामाला येतो.

मे-जूनच्या नोंदींचा आलेख आडव्या अक्षावर तारीख आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन काढावा आणि बिंदूंमधून हाताने सफाईदार वक्र रेषा ओढावी. बिंदू एकेक करून पट्टीने जोडू नयेत, कारण तसे केल्याने प्रत्येक दिवसाची लहान चूक रेषेत कायम राहते. जुलैत नोंद मिळाली की तेवढेच अंतर, त्याच बाजूला, वक्र रेषेवर कोणत्या तारखेला होते ते वाचावे. तारीख अपूर्णांकात आली तरी तशीच लिहावी.

पुण्याचे उदाहरण गणिताने येणाऱ्या आकड्यांवरून घेऊ. समजा १२ जुलैला उघडीप मिळाली आणि ठिपका ६.० सेंटिमीटर दक्षिणेला पडला. मे-जूनच्या रेषेवर ६.० सेंटिमीटर दक्षिण हे अंतर ३१ मेला येते. ही एक जोडी झाली.

अशा किमान तीन जोड्या मिळवाव्यात. ५ जुलैच्या आधीची नोंद जोडीसाठी घेऊ नये, कारण ती माथ्याच्या फार जवळ असते आणि मिलिमीटरची चूक दिवसांत मोडते. जितके दूरचे दिवस, तितकी जोडी भरवशाची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली नोंद मिळाली, तर तिची जोडी मेच्या पहिल्या आठवड्याशी जुळवता येते आणि तीच सर्वोत्तम ठरते. म्हणूनच मेची सुरुवात चुकवू नये.

तपासणी: पावसाळ्यात लाकूड फुगते आणि स्टँड खचतो. जुलैच्या प्रत्येक नोंदीपूर्वी उंची पुन्हा मोजावी आणि ओळंबा पुन्हा सोडावा. ठिपका ढगाच्या कडेमधून पडला असेल तर तो एका बाजूने फिका दिसतो. अशी नोंद टाकून द्यावी.

## पायरी ८: मध्य काढा

तारखांची बेरीज बोटांवर करू नये. मे ३१ दिवसांचा आणि जून ३० दिवसांचा आहे, हे विसरल्याने एका दिवसाची चूक ठरलेली असते. प्रत्येक तारखेचा वर्षातील क्रमांक घ्यावा. लीप वर्ष नसेल तर ३१ मे हा १५१ वा आणि १२ जुलै हा १९३ वा दिवस. दोहोंची बेरीज ३४४, निम्मे १७२, आणि १७२ वा दिवस म्हणजे २१ जून.

सर्व जोड्यांच्या मध्यांची सरासरी घ्यावी. काळजीपूर्वक केलेल्या नोंदींतून उत्तर एका दिवसाच्या आत येते. एखादी जोडी इतरांपासून तीन-चार दिवस दूर जात असेल, तर सरासरीत ढकलून ती लपवू नये. मूळ नोंदीतली बाजू, उंची आणि तारीख तपासावी.

आता छापील वेळेशी ताडून पाहावे. भारतीय प्रमाणवेळेनुसार अयनबिंदूचा क्षण २०२५ मध्ये २१ जूनच्या सकाळी ८:१२ ला होता, २०२६ मध्ये २१ जूनच्या दुपारी १:५४ च्या सुमारास आणि २०२७ मध्ये त्याच तारखेला सायंकाळी पावणेआठच्या आसपास येतो. दरवर्षी तो पावणेसहा तासांहून थोडा जास्त पुढे सरकतो आणि लीप वर्षात मागे येतो, म्हणून २०२८ मध्ये तो २१ जूनच्या पहाटे दीडच्या सुमारास येईल. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने २० जून सांगितला तर वाद घालू नये: २०२५ चा तोच क्षण न्यूयॉर्कच्या घड्याळात २० जूनच्या रात्री १०:४२ ला होता.

## पायरी ९: सूर्योदय, सूर्यास्त आणि पंचांगाशी पडताळा

सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सर्वांत लवकर उगवतो आणि सर्वांत उशिरा मावळतो, हा समज चुकीचा आहे. पायरी ४ मध्ये पाहिल्याप्रमाणे जूनमध्ये खरा मध्यान्ह रोज काही सेकंद पुढे सरकत असतो आणि आपल्याबरोबर सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही पुढे ओढतो. त्यामुळे मुंबई-पुण्याकडे सर्वांत लवकरचा सूर्योदय जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि सर्वांत उशिराचा सूर्यास्त जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो. दिवसाची लांबी काढायची असेल तर सूर्यास्तातून सूर्योदय वजाच करावा. २१ जूनला ती मुंबईत सव्वातेरा तासांच्या जरा वर, नागपुरात १३ तास २५ मिनिटांच्या आसपास आणि पणजीत १३ तासांच्या किंचित वर येते. ही लांबीही त्या आठवड्यात सेकंदांनीच बदलते, म्हणून वर्तमानपत्रातल्या मिनिटांपर्यंतच्या वेळांवरून अयनदिन काढता येत नाही.

पंचांगातला शब्द पाहताना सायन आणि निरयन यांची गल्लत करू नये. दक्षिणायनाचा आरंभ सायन कर्क संक्रमणाला, म्हणजे अयनदिनी होतो; निरयन, म्हणजे नक्षत्रांवरून मोजलेली, कर्क संक्रांत १६ जुलैच्या सुमारास येते, आणि या दोहोंतले अंतर सुमारे २४ अंशांच्या अयनांशामुळे, म्हणजे दोन्ही गणनांच्या आरंभबिंदूंतल्या फरकामुळे, पडलेले आहे. मकर संक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे मानण्यातही हीच गल्लत असते. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सायन गणनेवर बेतलेली आहे. तिच्यात ज्येष्ठाचा ३१ वा दिवस २१ जूनला येतो आणि २२ जूनला १ आषाढ असतो, म्हणून पडताळ्यासाठी तीच सर्वांत सोयीची.

## मेच्या नोंदी राहून गेल्या असतील तर

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबण्याची गरज नाही. हीच मांडणी डिसेंबरच्या अयनदिनासाठी वापरावी. तेव्हा आकाश निरभ्र असते आणि सराव चांगला होतो. फरक एवढाच की सूर्य दक्षिणेला खूप खाली असतो: पुण्यात मध्यान्हीचा ठिपका २२ डिसेंबरच्या आसपास पायबिंदूपासून सुमारे ९० सेंटिमीटर उत्तरेला पडतो आणि लंबगोल होतो. त्यामुळे कागद उत्तरेकडे मीटरभर लांब लागतो, आणि येथे फळी पाणसळीत असणे अनिवार्य आहे, कारण एवढ्या अंतरावर उताराची चूक ओळंब्याने भरून निघत नाही. नोंदी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत घ्याव्यात. १ डिसेंबरच्या अंतराची जोडी ११ किंवा १२ जानेवारीला मिळाली, तर मांडणी बरोबर आहे; तोच स्टँड, उंचीची खूण न पुसता, एप्रिलच्या अखेरीस पुन्हा गच्चीवर न्यावा.